गुलब्याच्या पोटात गेलेला देव

आमच्या घरात पुस्तकाच्या आधी खडी फोडायचा हातोडा आला. बहात्तरच्या दुष्काळात आई, बापू आणि माझे चुलते आप्पा, तिघंही रस्त्याच्या कामावर होते. मी शाळेत होतो, पण दुपारी खायला सरकारी सुकडी मिळते म्हणून शाळा सोडून कामावर जायचो. तिथंच आईच्या डोळ्यात खडीची कपची उडाली आणि तो डोळा गेला. बापू त्यानंतर छातीच्या दुखण्यानं गेले. मागं राहिलं ते मुरमाड रान, एका डोळ्याची आई आणि लग्न न केलेले आप्पा. आमचं गाव लोह्याजवळ, तालुका तेव्हा कंधार. पिकलं तर ज्वारी, नाही तर नुसतं आभाळ.

आप्पांनी मला नांदेडला कॉलेजात घातलं. सुट्टीला घरी जाणं जमलं नाही की तेच खोलीवर यायचे. धडप्यात बांधलेल्या भाकरी, कारळाची चटणी खाली ठेवायचे आणि पाणी पिऊन परतीची एस.टी. धरायचे. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पहिल्या वर्गात बी.ए. झालो, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालो. हे मी दबकून सांगत नाही. सांगायची लाज वाटत असेल तर मिळवायचं तरी कशाला?

एम.फिल.च्या प्रबंधाला विषय घेतला तो अमेरिकेतल्या जुन्या काही विचारवंतांचा. ट्रान्सेंडेंटॅलिस्ट म्हणतात त्यांना. त्यांचं म्हणणं साध्या मराठीत सांगायचं तर असं: देव देवळात नाही, पोथीत नाही, पाद्र्याच्या मुठीत तर नाहीच. तो प्रत्येक माणसाच्या आत आहे आणि बाहेर निसर्गात आहे, आणि या दोघांच्या मध्ये तिसऱ्यानं उभं राहू नये. चार माणसं काय म्हणतील ते सोडा. एकटे रानात जा. तुमचं आतलं मन जे म्हणेल तेच खरं.

हे वाचून मला आपलीच माणसं भेटल्यासारखं झालं. आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याचा देव त्याच्या गळ्यात असतो. आवळ्याएवढं काळं, गुळगुळीत इष्टलिंग गुरू लहानपणीच बांधतो आणि ते मरेपर्यंत अंगावर. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, वर पाणी घालायचं. ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आणि मग अन्न. देऊळ लागत नाही. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही. मी माझं कॉलेजात असतानाच काढून घरी खुंटीला ठेवलं होतं. देव आत आहे तर गळ्यात कशाला, हा माझा सवाल. आप्पांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पाऊस दोन वर्षं रुसला होता. आमच्याकडचा कडबा संपला, मग घराच्या छपराचं गवत काढून बैलांपुढं टाकलं, तेही संपलं. लातूरच्या पलीकडं मांजराकाठी माझी आत्या दिलेली. तिच्याकडं अजून थोडा ऊस उभा होता. तिचा निरोप आला की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला आहे, बैल घेऊन या. आप्पांची जोडी लालकंधारी, एकाचं नाव गुलब्या आणि दुसऱ्याचं तांबू. चालत न्यायचे ठरले आणि मी म्हणालो, मीही येतो. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं: एकटा माणूस आणि निसर्ग. रान, मोकळं आभाळ, पायी चाल, कुणाची कटकट नाही. ते प्रकरण चालता चालता सुचेल असं मी धरून चाललो होतो.

माळाकोळीच्या वाटेवर

पहिल्याच दिवशी माझ्या पुस्तकांना तडे गेले.

त्या लोकांचा निसर्ग म्हणजे तळं, देवदाराची झाडं, बर्फ वितळतानाचं पाणी. तिथं माणूस एकटा बसला की त्याचं मन स्वच्छ होतं म्हणे. इथं मन स्वच्छ व्हायला सावली तर पाहिजे. वाटेत एक मोठा वड लागला. त्याच्या फांद्या शेळ्यांसाठी इतक्या तोडल्या होत्या की नुसतं खोड उभं, जसा हात तोडलेला माणूस. कडुलिंब दुष्काळातही हिरवा असतो अशी माझी समजूत होती. तिकडं लिंबही करपले होते. नदीच्या पात्रात खड्डे खणून बायका वाटीनं पाणी काढत होत्या आणि एक भरेपर्यंत दुसरी खड्ड्याच्या कडेला झोपून घेत होती.

पण खरा धसका मी मधमाश्यांचा घेतला. आम्ही बैल सोडून दगडावर टेकलो. पाण्याची कळशी ओल्या फडक्यानं झाकली होती. बघता बघता ते फडकं काळं झालं. माश्या बसल्या होत्या, एकावर एक. मग त्या बैलांच्या डोळ्यांच्या कडांना जाऊन चिकटल्या, तिथलं पाणी पिऊ लागल्या. गुलब्या मान झटकायचा, त्या उडायच्या, परत बसायच्या. एक माझ्या गालावरचा घाम प्यायला आली. मी ओरडून उठलो. आप्पांनी शांतपणे फडकं पिळून दोन थेंब दगडावर टाकले आणि माश्या तिकडं वळल्या. निसर्ग म्हणजे उघडं पुस्तक, असं मी दोन प्रकरणांत लिहून ठेवलं होतं. तो निसर्ग माझ्या डोळ्यातलं पाणी प्यायला टपला होता.

माळाकोळीत आप्पांच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पायावर पाणी, मग प्यायला तांब्या. इथं घरच्या बाईनं दारातच सांगितलं की चहा घ्या, पाणी मागू नका. चहा शेळीच्या दुधाचा, पाण्याचा थेंब नसलेला, जाड आणि वास मारणारा. शेळ्या बाभळीच्या शेंगा खाऊन दूध देत होत्या, विहीर मात्र काही देत नव्हती. उलट आमच्याच कळशीतलं अर्धं पाणी आप्पांनी त्यांना दिलं, तर बाईनं जवसाची चटणी आणि धपाटे बांधून दिले. पाण्याची भेट देऊन धपाटे घेतल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

अहमदपूरच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोष्ट झाली.

आप्पांनी दुष्काळ पडल्यापासून एक रीत पाडली होती. लिंगपूजेचं पाणी तीर्थ घेऊन उरतं ते जमिनीवर सांडू नये म्हणून ते बैलाच्या घमेल्यापुढं बसून पूजा करायचे. घमेल्यात भिजवलेली सरकीची पेंड असायची. वरून पूजेचं पाणी त्यात पडायचं. देवाचंही झालं, बैलाचंही झालं, थेंब वाया नाही. मला ही गोष्ट फार आवडायची आणि प्रबंधात घालायचंही मनात होतं.

त्या सकाळी घमेलं समोर, डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात तांब्या. आप्पांचे डोळे मिटलेले. गुलब्या रात्रभर उपाशी होता. त्यानं वाट पाहिली नाही, डोकं घातलं. त्याच्या शिंगाचा धक्का आप्पांच्या मनगटाला लागला, ओल्या तळहातावरून लिंग घसरलं आणि पेंडीत पडलं. गुलब्यानं एक घास भरला, मान वर केली, गिळला.

आप्पांनी कोपरापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला. मी घमेलं उलटं करून पेंड बोटांनी चिवडली. पेंडीत काही नव्हतं. आप्पांनी हात बाहेर काढला तो लाळेनं माखलेला आणि दातांनी खरचटलेला. ते गुलब्याकडं बघत राहिले. गुलब्या ओठ चाटत होता, अजून आहे का म्हणून.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग आप्पांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. कारण नियम मला पाठ होता. अंगावरचं लिंग गेलं की ते सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. एरवी लिंग विहिरीत पडतं, गवतात पडतं, घटकाभरात सापडतं. बैलाच्या पोटात गेलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

आप्पांनी हात मातीनं कोरडे केले, लिंग बांधायचा रिकामा शिवदारा गळ्यात परत घातला आणि चला म्हणाले. धपाटे माझ्यापुढं ठेवले, स्वतः घेतले नाहीत. कळशीकडं बघितलंही नाही.

ते ऊन आठवलं की अजून डोकं दुखतं. डांबर चपलेला चिकटत होतं. मी आप्पांना एक घोट घ्या म्हणून किती वेळा विनवलं. ते नुसती मान हलवायचे. गुलब्यानं शेण टाकलं की आम्ही थांबायचो. मी एम.ए., काठीनं शेण फोडून बघायचो. सायकलवरून जाणारा एकजण थांबून म्हणाला, "काय मास्तर, सोनं पडून राहिलंय का त्यातून?" मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

शेवटी मी आप्पांना म्हणालो की माझं लिंग घरी खुंटीला आहे, लोह्याच्या गाडीनं जाऊन उद्यापर्यंत आणतो, ते घाला आणि पाणी प्या.

"तुझं तुला," आप्पा म्हणाले. "माझं तुला चाललं असतं का?"

अहमदपूर

अहमदपुरात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गावात शिरताना रंगारी शिडीवर चढून एका कचेरीची पाटी रंगवत होता. जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून काढलं होतं आणि लातूर लिहायला घेतलं होतं. बघायला दहा-पाच माणसं जमली होती, जणू नाव लिहून होताच पाऊस पडणार. एका दुकानदारानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं की आता कामाला उस्मानाबादला जायला नको, कलेक्टर जवळ आला. पाणी जवळ आलं का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, कलेक्टर आणेल की.

आप्पांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांना सरळ मठात नेलं. तिथले स्वामी वयस्क, मऊ बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, रागावले नाहीत. असं होतं म्हणाले. गुरूच्या हातून दुसरं लिंग घेता येतं, आजच देतो, प्रायश्चित्त म्हणून चार जपमाळा कर आणि जेव. ताटात नवं लिंग, विभूती, पाण्याची गडवी, सगळं आलं. मला वाटलं, सुटलो.

आप्पांनी स्वामींच्या पायांवर डोकं ठेवलं. मग हात जोडून बसल्या जागेवरूनच म्हणाले, "हरवलं असतं तर घेतलं असतं, स्वामी. हरवलं न्हाई. कुठं हाय ते ठाऊक हाय मला."

"मग खा-पी."

"अंगावर न्हाई की."

स्वामींनी बराच वेळ समजावलं. शास्त्र सांगितलं, स्वतःच्या गुरूचं उदाहरण दिलं. भोवती बसलेले लोक बोलू लागले. कुणी म्हणालं, स्वामी स्वतः देऊन राहिलेत आणि हा नको म्हणतोय, असला ताठा पाहिला नव्हता. कुणी म्हणालं, ऊन लागलंय, दोघं धरून पाजा. एक म्हातारी रडायला लागली. आप्पा कुणाला उलटून बोलले नाहीत आणि तसूभर हललेही नाहीत.

आणि मी? मला तिथं, त्या सभामंडपात, अंगावर काटा आला तो आनंदानं. वर्षभर मी ज्याच्यावर लिहीत होतो तो माणूस माझ्यासमोर बसला होता. गुरू सांगतो, शास्त्र सांगतं, गाव सांगतं, आणि हा आपल्या आतल्या आवाजाखेरीज कुणाचं ऐकत नाही. अमेरिकेतली ती माणसं असाच माणूस शोधत होती. तो आमच्या घरात निघाला! मी त्या आनंदात असताना आप्पा उठायला गेले आणि त्यांचा तोल गेला. मी हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला होता आणि घामाचा थेंब नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या पुस्तकातला माणूस उद्या मरणार आहे. त्या पुस्तकांत असा कुणी मरत नव्हता. त्यांच्या तळ्यात पाणी होतं.

त्या रात्री मी झोपलो नाही. आप्पा झोपले.

लातूर

सकाळी मी आप्पांना न विचारता सडकेवर उभा राहिलो आणि कडबा टाकून रिकामा परतणारा ट्रक थांबवला. ड्रायव्हर गफूरभाई, दाढी मेंदीनं लाल. मी लातूरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत न्या म्हणालो. कुणाला काय झालंय, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, गुलब्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "रोजा आम्ही बी धरतो भाई, पण आमचा सांजेला सुटतो." मग त्यांनी स्वतः खाली उतरून फळी लावली आणि बैल चढवले. वाटेत चाकूरला चहाला थांबले, पण आप्पांच्या समोर प्यायले नाहीत. गाडीमागं जाऊन प्यायले.

लातूर तेव्हा नव्या नवऱ्यासारखं मिरवत होतं. नव्या इमारतींचे पाये खणलेले, सिमेंटच्या गोण्या, जागोजाग कमानी. आणि त्या कमानींखाली टँकरच्या रांगा, घागरींच्या रांगा. आमच्या खेड्यात पाण्यासाठी बायका भांडतात ते एकमेकींना ओळखून, आईबापाचा उद्धार करून. इथं अनोळखी बायका न बोलता ढकलत होत्या. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

दवाखान्याच्या आवारात लिंबाचं झाड होतं, त्याला थोडी सावली होती. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी गुलब्याच्या डाव्या कुशीवर हात दाबून पाहिला, कान लावला. म्हणाले की गुळगुळीत दगड आहे तर तो पोटात पुढच्या कप्प्यात पडून राहील, शेणातून यायचा नाही, जन्मभर राहिला तरी बैलाला काही होणार नाही. काढायचाच तर कूस कापून हात घालून काढता येतो, तसं ते करतात. पण हा बैल उपासानं इतका खंगलाय की कापल्यावर तो उभा राहील याची खात्री ते देत नाहीत.

"कापायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

मग पाणी प्या, डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मान हलवली. डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली, जीभ बघितली आणि मला बाजूला घेतलं. मी जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणाले, पण एवढं मला कळतं की हा माणूस संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. तुम्ही शिकलेले आहात, समजवा.

मी आप्पांसमोर गुडघ्यावर बसलो. जे सुचलं ते सगळं बोललो. देव दगडात नाही, आत आहे, तो कुठं जात नाही, असं बोललो. ते माझ्याकडं असे बघत होते जसं लांबून येणाऱ्या गाडीकडं बघतात. मग माझा आवाज चढला. मी म्हणालो, "स्वामी सांगतात, डॉक्टर सांगतात, सगळं जग सांगतंय. तुमच्या एकट्याच्या मनाला काय वाटतं त्यावर जग चालत नाही, आप्पा."

बोललो आणि माझेच शब्द मला ऐकू आले. दोनशे पानं मी नेमकं याच्या उलट लिहिलं होतं, आणि ती पानं मला खरी वाटत होती. आजही वाटतात. पण त्या घडीला मला ती सगळी चुलीत घालून त्यावर या माणसासाठी पाणी तापवावं असं वाटलं.

आप्पांची जीभ जड झाली होती. ते सावकाश म्हणाले, "जग कुठं चालवून राहिलोय मी? मी माझं बघून राहिलोय."

मी झाडाला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आवारात दहा-वीस माणसं होती, त्यांनी बघितलं.

तेवढ्यात दवाखान्याच्या शिपायानं बैलांसाठी बादली आणली. तांबूनं तोंड घातलं आणि आपला वाटा पिऊन घेतला. गुलब्यानं मात्र नुसतं हुंगलं आणि मान फिरवली. ट्रकमध्ये मी पाणी दाखवलं तेव्हाही त्यानं असंच केलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा प्यायला नाही तर उद्या मला त्याचंही बघावं लागेल. शिपायानं परत बादली नाकाशी नेली, गुलब्या मागं सरला. त्याला लहानपणापासून आप्पांच्या हातचंच माहीत.

आप्पा उठले. कसे उठले ते मला सांगता येत नाही. झाडाला धरून, मग गुलब्याच्या वशिंडाला धरून. त्यांनी शिपायाच्या हातून बादली घेतली, मांडीवर टेकवली आणि जिभेनं रोजचा आवाज काढला. गुलब्या लगेच प्यायला लागला. अर्धी बादली त्यानं डोकं न उचलता ओढली. पाणी त्याच्या गळ्यातून खाली जाताना बाहेरून दिसत होतं. आप्पा ते बघत होते. त्यांची नजर गळ्यावरून खाली उतरत गेली, पुढच्या पायांमागं कुशीवर आली आणि तिथं थांबली.

गुलब्यानं तोंड काढलं. बादलीत अर्धं पाणी उरलं, त्यावर लाळेची तार.

आप्पांनी बादली खाली ठेवली. कमरेची विभूतीची पुडी सोडली. तीन बोटं गुलब्याच्या कपाळावर ओढली, मग तीच बोटं स्वतःच्या कपाळावर. डावा तळहात उघडा करून गुलब्याच्या कुशीला लावला, डोळे मिटले आणि रोज सकाळी ओठातल्या ओठात जे म्हणायचे ते म्हटलं. मग ते वाकले, बादलीत ओंजळ घातली, आणि ती ओंजळ तोंडाला लावली.

"अहो, बैलाचं उष्टं हाय ते," शिपाई म्हणाला.

"तीर्थ हाय," आप्पा म्हणाले आणि दुसरी ओंजळ भरली.

मी धावत कळशी आणली, चांगलं पाणी आणलं. त्यांनी हातानं बाजूला सारली. आधी बादलीतलं पोटभर प्यायले, मग माझ्याकडून कळशी घेतली. डॉक्टर तोंडावर हात धरून उभे होते. ते मला नंतर म्हणाले की शिकताना जे शिकवतात त्यात हे बसत नाही, पण माणूस प्यायला ना, बस झालं. मला मात्र हादरा बसला होता, तो अजून गेलेला नाही. बैलाच्या लाळेचं पाणी पिणारा चुलता बघून किळस यावी की पायावर डोकं ठेवावं, मला कळेना. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. आप्पांनी मला हाक मारली.

"भाकरी काढ," म्हणाले. "गुलब्याला बी दे चतकोर."

मांजराकाठ

लातुरात एक दिवस थांबून आम्ही आत्याच्या गावी गेलो. उसाचं वाढं बघून बैल खुळावले. मांजरेच्या पात्रात अजून डोह होते. पाण्यावर वारा सुटला की त्याचा आवाज येतो, तोसुद्धा मी विसरलो होतो. आत्यानं वरणफळं केली. तिच्या सासरच्या लोकांना आमची हकीकत कळली तसे ते गुलब्याला बघायला आले. कुणी हात जोडले, कुणी कुजबुजले. आत्याचे दीर स्पष्ट बोलले की हे खरं नव्हे, उद्या कुणीही उठून आपापलं शास्त्र करील. आप्पांनी मान डोलावली, जणू त्यांनाही ते पटत होतं, आणि दुसऱ्या सकाळी उठून बादली घेऊन गोठ्यात गेले.

एकदा तिथं बांधावर बसलो असताना मी त्यांना विचारलंच, की अहमदपूरला का नाही सुचलं हे? दोन दिवस जीव का जाळला? आप्पा म्हणाले की तेव्हा ते तसं नव्हतं वाटलं, लातुरात पाणी त्याच्या गळ्यातून उतरताना वाटलं, वाटल्यावर प्यालो. मी म्हणालो, आणि वाटलं नसतं तर? ते म्हणाले, तर न्हाई. या उत्तरानं मला आजही घाम फुटतो. माणसानं आतल्या आवाजावर विसंबावं हे म्हणणं सोपं आहे. तो आवाज वेळेवर येईल याची हमी कुणी देत नाही, हे त्या विचारवंतांनी लिहून ठेवलेलं नाही. मी माझ्या प्रबंधात ते लिहिलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, याला संदर्भ कुठला? मी म्हणालो, माझा चुलता. तो परिच्छेद त्यांनी ठेवला.

गावी परतल्यावर भावकीनं आप्पांना एका लग्नात पंगतीतून उठवलं, गळ्यात लिंग नाही म्हणून. आप्पा भांडले नाहीत. ताट उचलून गोठ्यात गेले आणि तिथं जेवले. मला राग आला, मी पंगतीत उभा राहून चार शब्द सुनावले आणि ताट घेऊन त्यांच्यामागं गेलो. पुढच्या लग्नात त्यांना कुणी उठवलं नाही.

आम्ही मांजराकाठी पाऊस पडेपर्यंत राहिलो. त्या दुष्काळात आमच्या गावातली कितीतरी जनावरं गेली. आप्पा, गुलब्या आणि तांबू चालत घरी आले, आणि मृगाच्या पेरणीला आमच्या रानात दोन्ही बैल तिफणीला जुंपले.